डोंगरावरचा शनिवार

मिसिसागा
२० फेब्रुवारी २०१७

अरुणास,

तुझं पत्र पोचलं. पाकिटावर तुझं अक्षर बघून आधी म्हटलं, आता आणखी कोण गेलं. चार वर्षांत तुझी एक ओळ नाही आणि आता एकदम चार पानं, तीही दोन्ही बाजूंनी. उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे तुला ताटकळायला नको. मी येणार नाही.

फोन का उचलत नाहीस, असं विचारलं आहेस. चिरागचा कॉन्डो एकोणिसाव्या मजल्यावर आहे आणि इथल्या भिंती पापडासारख्या. तुझ्याशी बोलायला लागले की माझा आवाज चढणार, मग मुलगा, सून, नातू तिघंही दारात येऊन उभे राहणार. ओजस तर आठ वर्षांचा आहे, तो 'आजी, व्हाय आर यू येलिंग?' म्हणून विचारत बसेल. कागदावर हवं तेवढं ओरडता येतं.

पाकिटावर पत्ता लिहिताना हाताने सवयीने 'सौ.' लिहिलं. मग खोडलं. खोडताना वाईट वाटलं. दीनानाथराव माणूस म्हणून फार चांगले. नोव्हेंबरात ते गेल्याचं चिरागने सांगितलं तेव्हा मला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. तरीही तुला फोन केला नाही, तो तुझ्यामुळे. त्यांचा त्यात काही दोष नव्हता.

तू लिहितेस, 'ताई, आता आपण दोघी सारख्याच. ऑगस्टमध्ये ये. शेफील्डहून तासाभरावर पीक डिस्ट्रिक्ट आहे, तिथे कॉटेज घेऊ, तेव्हा डोंगर जांभळे होतात.' वाचून मी पत्र टेबलावर आपटलं. सारख्याच? माझं कुंकू गेलं तेव्हा मी तुला दिसेनाशी झाले, आणि तुझं गेलं तशी लगेच दिसायला लागले? सहा वर्षं मी एकटीच होते, अरुणा. तेव्हा कुठे गेले होते तुझे जांभळे डोंगर?

आणि तुझं हे पीक डिस्ट्रिक्ट नॅशनल पार्क तरी कसलं? ओजसने टॅबलेटवर दाखवलं. गेट नाही, तिकीट नाही, वाघ नाही, साधं अस्वलसुद्धा नाही. गावं आहेत, चर्च आहेत, मेंढ्या आहेत. सगळ्यात उंच डोंगर साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्यापेक्षाही खुजा. तो तर आपण दोघी परकराचे ओचे खोचून पळत चढायचो. त्यासाठी समुद्र ओलांडून कोण येतंय!

प्रमिला

ऑगस्टमध्ये तिकडे स्वेटर लागतो का? सहज विचारते.


मिसिसागा
२६ मार्च २०१७

अरुणास,

स्वेटर लागतो, पावसाचं जाकीटही लागतं, आणि बूट घोट्याच्या वरपर्यंत हवेत. समजलं. मी विचारलं एक ओळ आणि तू पाठवलीस दीड पान. पण ज्याबद्दल लिहायला हवं होतं त्याबद्दल एवढंच, 'लग्नाच्या गडबडीत काय झालं ते मला नीट आठवत नाही, काही चुकलं असेल तर मोठ्या मनाने सोडून दे.'

आठवत नाही? मग मी आठवण करून देते. बसून वाच.

पुणे, डिसेंबर २०१२. ईशानीचं लग्न. तुझी एकुलती एक, पण सव्वा वर्षाची असताना तू तिला साताऱ्याला माझ्याकडे ठेवून परत गेलीस, कारण तुला तिकडच्या परीक्षा द्यायच्या होत्या. तीन वर्षांची होईपर्यंत ती माझ्या कुशीत झोपली. तिचे कांजण्यांचे दिवस मी काढले. ती पहिल्यांदा 'आई' म्हणाली ते मला, आणि मी तिला तुझा फोटो दाखवून म्हटलं, आई ही, मी मावशी. तुझ्या जागेवर मी कधी बसले नाही.

आणि त्या दिवशी ती पिवळी साडी नेसून, मुंडावळ्या बांधून बाहेर आली. तिला ओवाळून मांडवात न्यायचं होतं. तबक मी सजवलं होतं. निरांजन मी लावलं होतं. तबक उचलून मी उभी राहिले, आणि तू आलीस, माझ्या हातातून ते काढून घेतलंस आणि नणंदेच्या हातात दिलंस. काय म्हणालीस? 'ताई, तू बस.' अगदी हळू. जणू माझे पाय दुखत असतील म्हणून.

सुधाकरला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्या दोन वर्षांत तिऱ्हाईतांनी मला बाजूला केलं, शेजाऱ्यांनी केलं, त्यांच्यावर मी राग धरला नाही. तू माझी बहीण, पस्तीस वर्षं विलायतेत राहिलेली, तिथल्या दवाखान्यात पुरुषांच्या बरोबरीने काम केलेली! तू केलंस.

मी न जेवता निघाले. दीनानाथराव रिक्षापर्यंत मागे आले. म्हणाले, 'ताई, दोन घास खाऊन जा, माझ्यासाठी.' मी थांबले नाही. त्या माणसाचा शब्द मोडला याचं मला अजून वाईट वाटतं, आणि तो मोडायची वेळ तुझ्यामुळे आली याचा राग येतो.

आता आठवलं?

जांभळ्या फुलांचं कौतुक मला सांगू नकोस. मी कासचं पठार फुललेलं पाहिलं आहे, तेही तिथे लोकांच्या रांगा लागायच्या आधी. तुझ्या त्या हेदरच्या फुलांना वास तरी असतो का? आणि तू अठ्ठ्याहत्तर साली पाठवलेला फोटो माझ्याकडे अजून आहे. साडीवर लोकरीचा कोट, पाठीमागे काळा कडा, आणि मागे तुझ्या अक्षरात, 'ताई, पुढच्या उन्हाळ्यात तू इथे.' तो पुढचा उन्हाळा अजून यायचा आहे.

प्रमिला

तो कडा कोणता? नाव कळव. ओजस विचारतो.


मिसिसागा
३० एप्रिल २०१७

अरुणास,

मी येते आहे. लगेच हुरळून जाऊ नकोस. तुझ्यासाठी येत नाही, चिरागच्या नाकावर टिच्चून येते आहे.

रविवारी पोहे खाताना मी सहज म्हटलं, अरुणा बोलावते आहे ऑगस्टमध्ये. तर माझा मुलगा फोनमधून डोकं वर न काढता म्हणाला, 'आई, समरमध्ये कसं जमेल? ओजसचा कॅम्प जुलैएंडला संपतो. ऑगस्टमध्ये त्याला कोण बघणार? नेक्स्ट इयर बघू ना. फिरायचंच असेल तर इथेच जाऊ, कॅनडाला दीडशे वर्षं झाली म्हणून यंदा सगळी नॅशनल पार्क्स फ्री आहेत.'

मी म्हटलं, 'गेल्या वर्षी साताऱ्याला जाते म्हटलं तेव्हाही नेक्स्ट इयरच म्हणाला होतास.'

'अगं पण मावशीशी तू बोलतसुद्धा नाहीस!'

'इथून बोलत नाही. आता तिथे जाऊन बोलणार नाही.'

कृतिका हसली. माझी सून नागपूरची आहे, तिला राग आला की ती जास्त मऊ बोलते. म्हणाली, 'चिराग, आई इथे व्हिजिटवर आहेत. आपण त्यांना नॅनी म्हणून स्पॉन्सर केलेलं नाही. ऑगस्टमध्ये मी वर्क फ्रॉम होम करते, तू पण एक वीक घे.' त्याने तोंड एवढंसं केलं. मला बरं वाटलं, आणि मग स्वतःचाच राग आला, की माझ्या मुलाला हे दुसऱ्या कोणी सांगावं लागलं.

मी इथे आले ते दोन महिन्यांसाठी. दीड वर्ष होऊन गेलं. सकाळी ओजसचा डबा, दुपारी त्याला शाळेतून आणणं, संध्याकाळी भाजी चिरून ठेवणं. कोणी मला बांधून ठेवलेलं नाही, सगळे प्रेमाने वागतात. पण एकोणिसाव्या मजल्यावरून खाली बघितलं की ट्रक आणि गोदामं आणि विमानतळावर उतरणारी विमानं दिसतात, आणि सगळं ताटासारखं सपाट. दीड वर्षात मी एक चढ चढलेली नाही. साताऱ्याच्या बाईला हे कसं सोसवेल, सांग.

तर व्हिसाचा अर्ज चिरागनेच भरला, तोंड पाडून का होईना. बोटांचे ठसे देऊन आले. तू निमंत्रणाचं पत्र पाठव, त्यात 'माझी थोरली बहीण' असं स्पष्ट लिही. थोरली हे विसरू नकोस.

प्रमिला


मिसिसागा
११ जून २०१७

अरुणे,

व्हिसा आला. तिकीट झालं. बुधवारी नऊ ऑगस्टला सकाळी मँचेस्टरला उतरते. तू घ्यायला ये, पण विमानतळावर गळ्यात पडू नकोस, मी अजून रागावलेली आहे.

आणि हे काय! ईशानीला दिवस गेले आहेत हे तू तिसऱ्या पानावर, बसच्या वेळापत्रकाच्या खाली लिहितेस? ही बातमी अशी देतात? मी बसच्या वेळा वाचत होते, दर तासाला एक, रविवारी कमी, आणि मध्येच, 'ईशानीला ऑगस्टमध्ये सातवा लागेल.' मी खुर्चीतून उठले. कृतिका घाबरली, तिला वाटलं काही झालं. मग दोघी मिळून हसलो, मग मी थोडी रडले. साखर खाल्ली. बातमी कशीही दिलीस तरी तोंड गोड केलंच.

माझी तयारी चालू आहे. हिवाळ्यात मॉलमध्ये फेऱ्या मारत होते, इथले म्हातारे सकाळी दुकानं उघडायच्या आधी तेच करतात. आता नदीकाठच्या पायवाटेवर जाते. कृतिकाने बूट घेऊन दिले, तपकिरी, जड, पोलिसासारखे. ओजस माझ्यापुढे चालतो आणि मागे वळून सांगतो, 'आजी, लिफ्ट युअर फीट.' आजोबांवर गेला आहे, मेला. साडीवर ते बूट दिसतात कसे ते विचारू नकोस. मी आता पंजाबी ड्रेस घालते आणि कोणाची परवानगी घेतली नाही.

तुझा कार्यक्रम वाचला. गुरुवारी गाव आणि नदीकाठ, चालेल. शुक्रवारी गुहा, नको. जमिनीखाली जायला मला कसली घाई आहे? आणि शनिवारी स्टॅनेजचा कडा, म्हणजे फोटोतला तोच. तिथे कड्याखाली जुनी दगडी जाती पडलेली आहेत म्हणतेस, ती बघायला आवडतील. आईच्या जात्यावर आपण दोघी एक खुंटा धरून बसायचो आणि तू नुसता हात ठेवायचीस, जोर मीच लावायचे.

पण एक कळत नाही. सकाळी नऊला डबा घेऊन निघायचं आणि संध्याकाळी पाचशिवाय परतायचं नाही, असं तू अधोरेखित केलं आहेस. माझ्या गुडघ्यांना विचारलंस? आणि ईशानी, जावई, तिचे सासू-सासरे त्याच शनिवारी कॉटेजवर येणार, असंही लिहिलं आहेस. मग पोरगी येणार त्याच दिवशी आपण दिवसभर बाहेर का? कडा कुठे पळून जातो का? रविवारी जाऊ.

हे बदलून कळव.

प्रमिलाताई

मेथीचे लाडू आणू की तिला तिखट खावंसं वाटतं?


मिसिसागा
३ जुलै २०१७

अरुणे,

मी येणार नाही. फेब्रुवारीत हेच लिहिलं होतं, ते रागाने. आजही रागानेच लिहिते आहे, पण आजचा राग वेगळा आहे.

शनिवारी इथे कॅनडा डे होता. सगळे फटाके बघायला चौकात गेले होते, मी घरीच थांबले, आणि ईशानीचा फोन आला. इंग्लंडात वाढलेली पोरगी, पण तिच्या मराठीला अजून साताऱ्याचा हेल आहे. म्हणाली, 'मावशी, आई म्हणते ट्वेल्फ्थला तुम्ही दोघी दिवसभर हायकिंगला जाताय. असं कसं? त्या दिवशी माझं डोहाळजेवण आहे ना!'

मला वाटलं, माझा पाय कड्यावरून घसरला.

मी विचारलं, 'तुझ्या सासूबाईंनी आम्हाला नको म्हटलं का?'

'नो, नो! त्यांना माहीतच नाही. त्या तर विचारत होत्या, मावशींना कोणतं पक्वान्न आवडतं. डेट आईनेच दिली, कॉटेजवर करू हेही तिनेच सुचवलं. आय थॉट यू न्यू.' मग म्हणाली, 'मावशी, माझी ओटी तू भर. लग्नातही तू अचानक निघून गेलीस. का, ते मला कोणीच सांगितलं नाही.'

मीही सांगितलं नाही. म्हटलं, आईला विचार.

आता तू मला सांग. तू ठरवलंस, तूच जागा शोधलीस, तूच तारीख दिलीस. आणि मग तूच बसचं वेळापत्रक बघून ठरवलंस की दोन विधवा सकाळी नऊला बाहेर पडतील आणि पाच वाजेपर्यंत परत येणार नाहीत, तेवढ्यात आत ओटी भरून होईल, गाणी म्हणून होतील, जेवणं होतील. आपण कड्यावर बसून सँडविच खाऊ. फुलं बघू. इतकी सुंदर जागा, अरुणे, आणि तू ती निवडलीस आपल्याला लपवायला! इतके दिवस मी बूट घालून नदीकाठी चालते आहे ते माझ्या पोरीच्या डोहाळजेवणातून पळून जाता यावं म्हणून?

मला वाटायचं, तू माझ्या हातातून तबक काढून घेतलंस ते तुझ्या उन्मत्तपणाने. तुझं कुंकू शाबूत होतं, म्हणून. आता तुझं गेलं आणि तू स्वतःलाच उठवून बाहेर काढते आहेस, कोणी न सांगता. लेकीच्या सोहळ्यातून! तेव्हा तू मला ढकललंस तो राग समजण्यासारखा तरी होता. हा मला गिळता येत नाही.

कृतिकाला सगळं सांगितलं. मला वाटलं ती माझी बाजू घेईल. घेतली, आणि मग मऊ आवाजात म्हणाली, 'आई, मग जानेवारीत आपल्याकडे हळदीकुंकू होतं तेव्हा तुम्ही बेडरूममध्ये जाऊन का बसलात? मी तर म्हटलं नव्हतं.'

नव्हतंच म्हटलं तिने. तिळाच्या वड्या मी केल्या, वाण मी मांडलं, आणि बेल वाजली तशी ओजसला घेऊन आत गेले आणि दार लावलं. इथल्या मिसिसागातल्या पोरी, कोणी बँकेत, कोणी सॉफ्टवेअरमध्ये, त्यांच्यातल्या एकीलाही फरक पडला नसता. मी त्यांना विचारलंच नाही. कृतिकाला मी काहीतरी तोडून बोलले. आणि तिच्यापेक्षा तुझा जास्त राग आला, कारण तुझा तो हळू आवाज, 'ताई, तू बस', माझ्या डोक्यात चार वर्षं बसला आहे आणि आता तो मला सांगायच्या आधीच मी उठते.

तिकीट रद्द कर, असं कृतिकाला सांगितलं. ती म्हणाली, 'तुम्हीच करा.' मला ते करता येत नाही हे तिला चांगलं माहीत आहे.

ईशानीला काय सांगायचं ते तू सांग. मी खोटं बोलणार नाही.

प्रमिला


मिसिसागा
२३ जुलै २०१७

अरू,

तुझं पत्र आलं. या वेळी बसची वेळ नाही, हवामान नाही. दोनच ओळी. 'ताई, मला सगळं आठवतं, लग्नाच्या दिवसापासून रोज आठवतं. पण माझी भीती जात नाही. माझ्या हाताने तिचं किंवा बाळाचं काही वाईट झालं तर?'

दहा वेळा वाचलं. आठवत नाही म्हणालीस ते खोटं होतं, त्यासाठी वेगळं भांडेन. पण भीती खरी आहे, ते कळलं. लग्नातही तुला भीतीच वाटली असणार. ईशानीचं काही वाईट होऊ नये म्हणून तू मला बाजूला केलंस. म्हणजे माझ्या हाताने तिचं वाईट होईल असं तुला वाटलं. ज्या हातांनी तिला न्हाऊमाखू घातलं त्या हातांनी! हे लिहिताना आत्ताही माझं पेन कागदात रुततं आहे.

म्हणून जरा कठोर बोलते, सोस. त्या दिवशी पाच सवाष्णींनी ओवाळलं. तू स्वतः अडतीस वर्षं सौभाग्यवती होतीस, एक हळदीकुंकू चुकवलं नाहीस, परदेशात राहून वटपौर्णिमेला कुंडीतल्या झाडाला दोरा गुंडाळलास. दीनानाथराव राहिले? माझं काय चुकलं होतं म्हणून सुधाकर गेला? जाणारा जातो, अरू. आपल्या हातात मारायची ताकद असती तर त्याच हातांत राखायचीही असती, आणि मग ते दोघं आज व्हरांड्यात बसून पत्ते खेळत असते.

आणि भीतीचंच म्हणशील तर मलाही वाटते. कृतिकाने काल मला विचारलं, 'आई, खरंच भराल ना ओटी? की ऐन वेळी वॉशरूममध्ये जाऊन बसाल?' मी म्हटलं, तुझी जीभ फार चालते. पण रात्री हात बघत बसले. चार वर्षं मी त्यांना असंच रिकामं ठेवलं, तुझ्यावर रागावून. तुझा निकाल मात्र पाळत राहिले. याच्याइतका बावळटपणा दुसरा नसेल.

तर आता ऐक, आणि यात एक अक्षर बदलायचं नाही.

मी नऊ तारखेला येते आहे. शनिवारी आपण कुठेही जाणार नाही. डबा, बस, कडा, सगळं रविवारी. ईशानी म्हणाली तर तीही गाडीने खालपर्यंत येईल आणि जात्यांजवळ बसेल, तिला हवा लागेल. शनिवारी सकाळी तू न्हाऊन चांगली साडी नेस. पांढरट, राखाडी काही नको. तुझ्याकडे ती मोरपंखी इरकल होती, टाकून दिली नसशील तर ती.

हिरव्या बांगड्या मी ब्रॅम्प्टनहून घेतल्या. खण कृतिकाने दिला, तिच्या स्वतःच्या लग्नातला, घडी न मोडलेला. मी नको म्हटलं तर म्हणाली, 'ईशानीताईंना सांगा, नागपूरचा आहे, आणि पुढच्या जानेवारीत तुम्ही माझ्याकडे हॉलमध्ये बसणार, ही त्याची किंमत.' तांदूळ तिकडे मिळतील. नारळ विमानात आणत नाही, शेफील्डमध्ये बघून ठेव, पाणी वाजणारा घे. फुलांच्या वाडीला हेदर चालेल का ते ईशानीला विचार. कासची फुलं नाहीत तर नाहीत, तुझी तरी घेऊ.

विहीणबाईंना तू स्वतः फोन कर आणि सांग की ओटी आधी ईशानीची मावशी भरेल, मग आई, मग त्या. विचारायचं नाही, सांगायचं. त्यांना पटलं नाही तर ते त्यांच्या तोंडून ऐकू. आपणच आधी त्यांच्या तोंडात घालायला नको.

राग गेला असं समजू नकोस. राग मी बरोबर घेऊन येते आहे, बॅगेत बुटांशेजारी. गुरुवारी, शुक्रवारी काढेन थोडा थोडा. तूही काढ तुझा, असेल तर. मी तुझ्या नवऱ्याच्या बाराव्यालाही फोन केला नाही, हे तू एकाही पत्रात बोलली नाहीस. ते बोल.

आणि शेवटचं. शनिवारी तबक तू सजवायचंस. निरांजन तू लावायचंस. मग सगळ्यांसमोर, हळू आवाजात नाही, ते तू माझ्या हातात द्यायचंस. माफी वगैरे नको, मला त्याचं काही करता येणार नाही. मागच्या वेळी तू तीन शब्द बोललीस, 'ताई, तू बस.' या वेळीही तीनच बोल.

'ताई, हे घे.'

बाकीचं भांडण डोंगरावर करू.

तुझी,
ताई